संगणक-समूहातील सर्व्हरांची भर आणि बदली : स्वयंचलनाच्या दृष्टीने काही विचार

परस्परांशी जोडलेले अनेक सर्व्हर मिळून जेव्हा एकच सेवा पुरवितात, तेव्हा त्यांच्या समुदायास क्लस्टर किंवा समूह असे म्हणतात. हा समूह स्वतःच्या इमारतीत न ठेवता भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर उभारला, म्हणजे तो क्लाउडमधील समूह झाला. अशा समूहात नवा सर्व्हर दाखल करणे आणि जुना काढून त्याच्या जागी दुसरा आणणे ही दोन कामे नित्याची आहेत, व ती आज बहुतांशी स्वयंचलनाच्या साधनांकडून करवून घेतली जातात. वरवर पाहता बदली म्हणजे एक वजाबाकी आणि एक बेरीज. त्यापलीकडे तीत काही नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. ही समजूत कोठे खरी ठरते आणि कोठे घातक ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

ॲमेझॉन कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये ईसी-टू ही सेवा प्रायोगिक स्वरूपात खुली केली. तोपर्यंत सर्व्हर वाढविणे म्हणजे दरपत्रके मागविणे, मंजुरी मिळविणे, यंत्र येण्याची वाट पाहणे आणि ते आल्यावर मांडणीत बसविणे असा क्रम असे. विद्यापीठीय खरेदीचा अनुभव असलेल्या वाचकास याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही. क्लाउडमुळे हा महिन्यांचा व्यवहार मिनिटांवर आला. परंतु यंत्र हाती येणे आणि ते कामास योग्य होणे यांत अंतर आहे. त्यावर कार्यप्रणाली हवी, आज्ञावलीची नेमकी आवृत्ती हवी, परवानग्या व पत्ते हवेत. हे सर्व हाताने करावयाचे तर दहा सर्व्हरांवर दहा वेळा तेच काम बिनचूक झाले पाहिजे, आणि माणसाचा हात नेमका याच कामात चुकतो.

या चुकीची किंमत किती असू शकते याचे प्रसिद्ध उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली संस्थेचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिची नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर असावयास हवी होती. प्रत्यक्षात ती सातांवरच चढविली गेली होती. आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग तसाच पडून होता, आणि नव्या आज्ञावलीसाठी योजलेल्या खुणेने तोच जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत या सर्व्हरने शेअरबाजारात लक्षावधी नको असलेल्या मागण्या पाठविल्या, व संस्थेस ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. गोंधळ चालू असताना दुरुस्ती म्हणून नीट असलेल्या सात सर्व्हरांवरील नवी आज्ञावली काढून टाकण्यात आली. तेव्हा तेही आठव्याप्रमाणेच वागू लागले. अमेरिकन रोखे नियामकाच्या २०१३ च्या आदेशात ही सर्व हकीकत नमूद आहे.

हे टाळण्याचा विचार मात्र त्याच्या बराच आधीचा आहे. ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफ-इंजिन हे साधन रचले. यंत्राने काय काय करावे याच्या आज्ञा ओळीने लिहिण्याऐवजी यंत्र शेवटी कोणत्या स्थितीत असावे याचे वर्णन लिहावे, आणि आहे ती स्थिती व हवी ती स्थिती यांतील फरक साधनाने स्वतः भरून काढावा, ही त्यामागील दृष्टी. पुढे २००५ मध्ये पपेट, २०१२ मध्ये ॲन्सिबल आणि २०१४ मध्ये टेराफॉर्म ही साधने आली, तीही थोड्याफार फरकाने याच वाटेने गेली. (टेराफॉर्मचा परवाना २०२३ मध्ये बदलल्यावर त्यातून ओपनटोफू ही स्वतंत्र शाखा निघाली, प्रस्तुत विवेचन दोहोंना लागू आहे.) अशा वर्णनाचा मुख्य गुण हा की, ते एकदा अमलात आणले काय किंवा दहादा आणले काय, परिणाम तोच राहतो. बीजगणितात या गुणास बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने १८७० मध्येच नाव दिले होते. ते नाव शंभराहून अधिक वर्षांनी सर्व्हरांच्या देखभालीत रूढ झाले.

एवढी सामग्री हाती असली म्हणजे नवा सर्व्हर समूहात आणणे सोपे होते. टेराफॉर्मच्या वर्णनात संख्या ४ होती ती ५ करावयाची. साधन क्लाउडकडे एक यंत्र मागते, आधी तयार केलेल्या यंत्रप्रतिमेवरून ते सुरू करते, आणि ॲन्सिबलसारखे साधन उरलेली मांडणी पुरी करते. सर्व्हर जर केवळ विनंत्या स्वीकारून उत्तरे देणारा असेल, स्वतःजवळ काहीच ठेवत नसेल, तर त्याची बदलीही तितकीच निर्वेध आहे. अट एवढीच की, हातातील काम अर्धवट टाकून त्यास निरोप देऊ नये. कुबरनेटिस या प्रणालीत त्यासाठी दोन पायऱ्या आहेत : ‘कॉर्डन’ने त्या सर्व्हरकडे नवे काम पाठविणे थांबते, आणि ‘ड्रेन’ने त्यावरील चालू कामे क्रमाने आवरली जाऊन इतरत्र पुन्हा उभी राहतात. एका सेवेच्या किती प्रती एका वेळी बंद असलेल्या चालतील याची मर्यादा आगाऊ लिहून ठेवता येते, व निचरा करताना ती पाळली जाते. अशा सर्व्हरांच्या बाबतीत एक गेला आणि दुसरा आला, यात समूहाच्या दृष्टीने काही घडले असे म्हणताच येत नाही.

ज्या सर्व्हरांजवळ स्मृती आहे, म्हणजे जे माहिती साठवितात, त्यांची गोष्ट वेगळी. तेथे भर घालणे हेसुद्धा निरुपद्रवी राहत नाही. समजा, ४ सर्व्हर आहेत, आणि प्रत्येक नोंदीच्या अनुक्रमांकास ४ ने भागून जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या सर्व्हरवर ती नोंद ठेवावयाची असा नियम आहे. पाचवा सर्व्हर आला की भाजक ५ होतो. आता कोणतेही सलग २० अनुक्रमांक घेतले, तर ४ ने व ५ ने भागून तीच बाकी देणारे अनुक्रमांक त्यांत केवळ ४ सापडतात. उरलेल्या १६ नोंदींचे घर बदलते. म्हणजे एका पाहुण्याच्या स्वागतासाठी शेकडा ८० बिऱ्हाडे हलवावी लागतात! डेव्हिड कार्गर व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत यावर जो उपाय मांडला, तो आज सर्वत्र रूढ आहे. सर्व्हर व नोंदी या दोहोंना एका काल्पनिक वर्तुळावर स्थाने द्यावयाची, आणि प्रत्येक नोंद वर्तुळावर पुढे जाताना प्रथम भेटणाऱ्या सर्व्हरकडे सोपवावयाची. नवा सर्व्हर वर्तुळावर बसला म्हणजे त्याच्या लगतच्या भागातील नोंदीच त्याच्याकडे येतात. चारांत पाचवा आला तर सरासरीने एक पंचमांश. २००७ मध्ये ॲमेझॉनने वर्णन केलेली डायनॅमो ही साठवणप्रणाली व तिच्या वळणावर गेलेली कॅसान्ड्रा यांत हेच तत्त्व आहे.

पण एक पंचमांश म्हणजे काही शून्य नव्हे. या नोंदी जुन्या सर्व्हरांनाच वाचून पाठवाव्या लागतात. भार असह्य झाल्यावर नवा सर्व्हर जोडण्यास घ्यावा, तर आधीच दमलेल्या सर्व्हरांवर हे आणखी एक ओझे पडते. कॅसान्ड्रात तर नवा सर्व्हर आला तरी जुन्यांनी पाठविलेल्या नोंदी त्यांच्याजवळ तशाच राहतात. त्या काढण्यासाठी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. जागा अपुरी म्हणून सर्व्हर वाढविला, आणि ती आज्ञा देण्याचे राहिले, तर जुन्या तबकड्या भरलेल्या त्या भरलेल्याच.

आता विषयाच्या मुख्य भागाकडे वळू. कोणत्याही मोठ्या समूहात काही थोड्या सर्व्हरांकडे समूहाचे दप्तर असते : कोण सभासद आहे, कोणते काम कोणाकडे आहे, शेवटचा निर्णय काय झाला. कुबरनेटिसमध्ये हे दप्तर एटसीडी या साठ्यात असते, आणि तो साठा बहुधा ३ किंवा ५ सर्व्हरांवर ठेवतात. या सर्वांच्या प्रती एकमेकींशी जुळत्या राहाव्यात यासाठी ते राफ्ट या पद्धतीने एकमत करतात. ही पद्धत स्टॅनफर्ड येथे डिएगो ऑन्गारो व जॉन औस्टरहौट यांनी विकसित केली, आणि त्यांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे सार सभेच्या भाषेत सांगता येईल. कोणताही ठराव यादीतील सभासदांच्या निम्म्याहून अधिकांनी नोंदविला तरच तो संमत. ३ सभासद असतील तर गणपूर्ती २, ४ असतील तर ३, ५ असतील तरीही ३. गणपूर्ती हजर सभासदांवरून ठरत नाही, यादीवरून ठरते. दगावलेला सभासदही यादीत असेपर्यंत मोजला जातो. आपल्याकडील सहकारी संस्थांत गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा नंतर गणपूर्तीवाचूनही चालविण्याची सोय बहुधा असते. राफ्टमध्ये तशी सवलत नाही. ती असती तर तुटलेल्या जाळ्याच्या दोन बाजूंना दोन सभा भरून परस्परविरोधी ठराव झाले असते.

आता ३ पैकी एक सर्व्हर बंद पडला असे समजू. दोघे जिवंत आहेत, गणपूर्ती २ आहे, काम चालू आहे. सावध माणूस म्हणेल, आधी नवा आणू आणि मग जुना काढू. म्हणजे मधल्या काळात संख्या कमी पडणार नाही. उत्तरे देणाऱ्या साध्या सर्व्हरांच्या बाबतीत हा सल्ला अगदी योग्य आहे. येथे मात्र तो धोक्याचा ठरतो. नव्याचे नाव यादीत घालताच यादी ४ ची होते आणि गणपूर्ती ३ वर जाते. जिवंत आहेत दोघेच. नवा सर्व्हर ठीक सुरू झाला तर निभावले. परंतु त्याचा पत्ता चुकीचा लिहिला गेला असेल, किंवा जाळ्याच्या भिंतीने त्यास अडविले असेल, तर कोणताही ठराव संमत होणे शक्य नाही. आणि चुकीचे नाव यादीतून काढणे हाही एक ठरावच असल्याने तोही संमत होत नाही. सभा स्वतःच्याच नियमाने कायमची अडकते, आणि मग पूर्वी घेऊन ठेवलेल्या प्रतीवरून नवा समूह उभारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मृत सभासद आधी काढावा हा क्रम बरोबर आहे : यादी २ ची, गणपूर्ती २, जिवंत २, त्यानंतर नवा घेतला की यादी ३ ची आणि गणपूर्ती पुन्हा २. वर सांगितलेली उलटी मागणी नाकारणारी तपासणी आजच्या एटसीडीत असते. शिवाय २०१९ च्या ३.४ या आवृत्तीपासून नव्या सर्व्हरास प्रथम मताधिकाराविना, केवळ शिकाऊ म्हणून घेता येते. जुने दप्तर पुरते उतरवून झाल्यावरच त्यास मत द्यावयाचे.

एका वेळी एकच सभासद बदलावा, यामागेही असेच साधे गणित आहे. ३ ची यादी ४ ची होताना काहींजवळ जुनी यादी असेल, काहींजवळ नवी. जुन्या यादीचे बहुमत २, नवीचे ३. एकूण सर्व्हर मात्र ४. २ आणि ३ मिळून ५ होतात, तेव्हा दोन्ही बहुमतांत किमान एक सर्व्हर समाईक असलाच पाहिजे, आणि तो दोन विरोधी ठरावांना मत देणार नाही. पण ३ वरून एकदम ५ वर उडी घेतली, तर जुन्या यादीचे २ आणि नव्या यादीचे ३ हे एकही सभासद समाईक नसताना वेगवेगळे जमू शकतात. समूहात दोन पुढारी निर्माण होण्यास एवढे पुरे आहे. मूळ निबंधात मोठ्या बदलासाठी दोन टप्प्यांची वेगळी रीत दिलेली आहे. एकेक सभासदाची सोपी रीत ऑन्गारो यांच्या २०१४ च्या प्रबंधात आहे.

याहूनही सूक्ष्म असा एक प्रश्न आहे, आणि स्वयंचलनाची खरी कसोटी तेथे लागते. तीन सर्व्हरांस अ, ब आणि क अशी नावे देऊ. एक नोंद अ व ब यांनी स्वीकारली. क किंचित मागे राहिला. बहुमत झाले, म्हणून ग्राहकास ‘नोंद पक्की झाली’ असे उत्तर गेले. इतक्यात ब ची तबकडी निकामी झाली. स्वयंचलित साधनाने तत्परतेने दुसरे यंत्र मागविले, त्यास ब हेच नाव दिले, तोच पत्ता दिला, आणि रिकाम्या तबकडीनिशी सुरू केले. त्याच सुमारास अ चा संपर्क तुटला. आता ब आणि क मिळून बहुमत आहे, आणि दोघांपैकी एकाजवळही ती नोंद नाही. ते निःशंकपणे पुढचे ठराव करू लागतील, आणि पक्की म्हणून सांगितलेली नोंद नाहीशी होईल. कोणतेही यंत्र खोटे बोलले नाही, कोणत्याही नियमाचा भंग उघडपणे झाला नाही. चूक एवढीच की, विस्मृती झालेल्या परक्यास जुन्या सभासदाच्या नावाने सभेत बसविण्यात आले. राफ्टमध्ये प्रत्येक सर्व्हराने आपले मत व आपल्या नोंदी टिकाऊ तबकडीवर लिहून मगच उत्तर द्यावे अशी सक्ती आहे, ती याच कारणासाठी. एटसीडी प्रत्येक सभासदास वेगळा ओळखक्रमांक देतो तोही म्हणूनच. तबकडी गेली की तो सभासद संपला, आणि त्याच्या जागी येणाऱ्याने नवा क्रमांक घेऊन, यादीत नव्याने दाखल होऊन यावयाचे असते.

साधन सर्व्हरास नावाने ओळखते. समूह त्यास त्याच्या स्मृतीने ओळखतो. माझ्या मते या क्षेत्रातील बहुतेक अपघातांचे मूळ या विसंगतीत शोधावे लागेल. टेराफॉर्मचा व्यवहार पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. आपल्या वर्णनातील कोणते नाव क्लाउडमधील कोणत्या यंत्राचे, हे ते एका नोंदवहीत लिहून ठेवते. यंत्रप्रतिमा बदलली, तर चालू यंत्र सुधारता येत नाही. ते मोडून नवे करावे लागते. अशा वेळी साधनाचा मूळचा क्रम आधी मोडणे व मग करणे असा आहे. हा क्रम उलटविण्याची सोय आहे, आणि साध्या सर्व्हरांसाठी ती वापरावी. पण दप्तर सांभाळणाऱ्या तीनही सर्व्हरांची प्रतिमा वर्णनात एकाच ठिकाणी लिहिली असेल, तर ती बदलताच साधन तिघांनाही एकदम मोडावयास घेते. कारण वेगळी सूचना नसल्यास ते १० पर्यंत कामे एका वेळी चालविते. त्याच्या दृष्टीने तीन गेले, तीन आले, नावे तीच, हिशेब जुळला.

क्रमांकाने नावे देण्यातही असाच सापळा आहे. पाच सर्व्हरांची यादी करून त्यांना अनुक्रमाने ओळखावयाचे ठरविले, आणि पुढे दुसरा सर्व्हर नको म्हणून यादीतून त्याची ओळ खोडली. माणसास वाटते, एक गेला. साधनास मात्र दिसते ते असे : दुसऱ्या स्थानी आता पूर्वीच्या तिसऱ्याचे वर्णन आहे, तिसऱ्या स्थानी चौथ्याचे, चौथ्या स्थानी पाचव्याचे, आणि पाचवे स्थान रिकामे. तेव्हा ते पाचवा सर्व्हर मोडते आणि मधल्या तिघांस नव्या वर्णनाप्रमाणे बदलू लागते. तो बदल चालू यंत्रावर होण्यासारखा नसेल, तर त्या तिघांनाही मोडून पुन्हा उभारते. ज्याचे काही बिघडले नव्हते त्याचीच बदली होते. अनुक्रमांकाऐवजी प्रत्येक सर्व्हरास स्वतःचे कायमचे नाव देऊन यादी करण्याची सोय टेराफॉर्ममध्ये २०१९ मध्ये आली. ती उपलब्ध असताना स्मृती असलेल्या सर्व्हरांसाठी क्रमांकांची रीत वापरण्यास काही सबळ कारण दिसत नाही.

हे साधन काम करण्यापूर्वी आपली योजना छापून दाखविते. किती यंत्रे वाढणार, किती बदलणार, किती मोडणार याचे आकडे शेवटी असतात. तो शेवटचा आकडा वाचल्यावाचून संमती देऊ नये हे उघड आहे. ॲन्सिबलमध्ये किती सर्व्हरांवर एका वेळी काम करावे ही संख्या ठरविता येते, व दप्तराच्या सर्व्हरांसाठी ती १ असावी. तरीही दोन सर्व्हरांच्या मध्ये किती थांबावे हा प्रश्न उरतोच. पुष्कळ ठिकाणी पाच मिनिटे, दहा मिनिटे असा ठोकळ अवधी लिहिलेला असतो. नव्या सर्व्हराने दप्तर उतरवून घेतले की नाही, हे घड्याळास कसे कळणार? ते समूहासच विचारले पाहिजे, आणि होकार येईपर्यंत पुढचा सर्व्हर हलविता कामा नये.

योजना वाचणारा माणूस सावध असला तरी भागत नाही, हे २८ फेब्रुवारी २०१७ च्या घटनेवरून दिसून आले. ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेत, अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियाच्या केंद्रात, देयकांची प्रणाली मंद का चालली आहे याचा शोध चालू होता. अधिकृत कर्मचाऱ्याने, ठरलेल्या लेखी कार्यपद्धतीप्रमाणे, काही थोडे सर्व्हर काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतील एक आकडा किंवा शब्द चुकीचा टंकला गेला, आणि हेतूपेक्षा पुष्कळ अधिक सर्व्हर निघून गेले. त्यांत प्रत्येक वस्तू कोठे आहे याची सूची सांभाळणारे, व नव्या वस्तूस जागा नेमून देणारे असे दोन विभाग होते. दोन्ही पूर्णपणे पुन्हा सुरू करावे लागले. मोठ्या केंद्रांत असे कित्येक वर्षांत करण्याची वेळ आली नव्हती, आणि त्या काळात सूची अतोनात वाढली होती. तेव्हा तपासणीस अपेक्षेहून फार अधिक वेळ लागला. सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी सुरू झालेला हा खंड दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी मिटला. ॲमेझॉनचा सेवांची स्थिती दर्शविणारा फलकसुद्धा याच साठवणसेवेवर विसंबून होता, त्यामुळे पहिले दोन तास त्यावर खरी स्थिती दाखविता आली नाही.

कंपनीने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात कर्मचाऱ्यास दोष दिलेला नाही. साधनात दोन फेरफार केल्याचे त्यात म्हटले आहे : सर्व्हर आता पूर्वीपेक्षा सावकाश काढले जातात, आणि कोणत्याही विभागाची संख्या त्याच्या किमान गरजेखाली जाईल अशी आज्ञा साधन स्वीकारीत नाही. सूचीचा विभाग लहान लहान स्वतंत्र कोशांत वाटण्याचे काम त्या वर्षाच्या उत्तरार्धासाठी योजले होते. ते तत्काळ हाती घेण्यात आले. कोश लहान असला म्हणजे त्यातील सर्व सर्व्हर एकदम गेले तरी बाधा त्याच्यापुरतीच राहते, आणि पूर्णपणे पुन्हा सुरू होण्यास त्यास किती वेळ लागतो हे अपघाताची वाट न पाहता मोजून ठेवता येते.